दलित आत्मकथनांतील शाळा आणि आपली ‘जिद्दी’ची समीक्षा

दलित आत्मकथनांवर गेल्या चार-साडेचार दशकांत पुष्कळ लिहिले गेले. भाषा, शिवी, भूक, आई, गावकुसाबाहेरची वस्ती, लेखकाचा प्रामाणिकपणा या सगळ्यांवर समीक्षकांनी पाने खर्ची घातली. शाळेवर मात्र कुणी थांबून लिहिल्याचे माझ्या वाचनात फारसे नाही. शाळेचा उल्लेख येतो तो एकाच ठरलेल्या वाक्यातून : ‘अशा प्रतिकूल परिस्थितीतही लेखकाने जिद्दीने शिक्षण घेतले.’ हे वाक्य मी स्वतः वीस वर्षे वर्गात सांगत आलो. उत्तरपत्रिकांत ते वाचून त्याला गुणही दिले. आज या वाक्याविरुद्ध मला तक्रार नोंदवायची आहे, आणि ती प्रथम माझ्याविरुद्धच आहे.

महाविद्यालयात येण्यापूर्वी मी सहा वर्षे मराठवाड्यातल्या एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेवर होतो. वर्ग चार, गुरुजी दोन, खोल्या दोन. त्यांतली एक ‘धोकादायक’ म्हणून बंद. वर पत्रे. मार्च उजाडला की अकरा वाजल्यापासून पोरे पेंगायला लागत. पावसाळ्यात पत्र्यावर पाऊस वाजू लागला की माझा आवाज तिसऱ्या ओळीपर्यंत पोहोचत नसे. मग गळायला सुरुवात व्हायची. पोरे कोरड्या कोपऱ्याकडे सरकायची. कोपऱ्यात आधी कोण जायचे आणि दाराजवळच्या थारोळ्यापाशी कोण उरायचे, हे सांगायला नको. उरणारी पोरे मी ज्या वस्तीतून आलो तसल्याच वस्तीतली होती. पहिल्या पावसाळ्यात ते मला दिसलेसुद्धा नाही.

वर्षाअखेर अहवाल भरायचा असे. त्यात एक रकाना होता : ‘गळती’. किती गळाले, आणि का गळाले. कारणांच्या जागी आम्ही ठरलेली उत्तरे लिहीत असू : पालकांची उदासीनता, अभ्यासात गोडी नाही, स्थलांतर. छपराच्या गळतीचा रकाना त्या कागदावर नव्हता. ‘गळती’ हा शब्दच पाहा ना. पाणी आपले आपण गळते, तशी पोरे आपली आपण गळतात. भोक कुठे आहे हे विचारण्याची गरज उरत नाही.

त्याच शाळेत एका 14 एप्रिलला मी बाबासाहेबांच्या शाळेची हकीगत सांगितली. साताऱ्याच्या शाळेत ते वेगळे बसत. बसायचे गोणपाट घरून आणायचे आणि संध्याकाळी घरी न्यायचे, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावीत नसे. नळ शिपायाने सोडला तर पाणी; शिपाई नसला तर तहान. हे सगळे सांगून मी शेवटी म्हणालो, ‘तरीही ते शिकले. तुम्हीही तशी जिद्द धरा.’ चौथीतला एक पोरगा पुढच्याच ओळीत होता. तो म्हणाला, ‘गुरुजी, त्यांच्या शाळंत नळ तरी होता.’ पोरे हसली. मीही हसलो आणि कार्यक्रम पुढे नेला. आमच्या शाळेत तेव्हा नळ नव्हता, रांजण होता आणि तोही फुटका. तो पोरगा पुढे सातवीनंतर शाळेत दिसला नाही. त्याचे उत्तर मला आजही समीक्षेचे वाक्य वाटते. मी जिला जिद्दीची कथा म्हणून सांगत होतो, तिच्यातली पाण्याची सोय त्याने नेमकी ऐकली होती.

बाबासाहेबांनी ती हकीगत आपल्या जिद्दीचा दाखला म्हणून लिहिलेली नाही. अस्पृश्यता म्हणजे काय हे परक्या माणसाला कळावे म्हणून लिहिली आहे. ती शाळेविरुद्धची साक्ष आहे. आपण साक्षीदाराच्या सहनशक्तीचे कौतुक केले आणि आरोपीला सोडून दिले.

आत्मकथनांकडे या दृष्टीने पुन्हा पाहिले की ठिकठिकाणी अडखळायला होते. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’ (1984) मध्ये अगदी सुरुवातीलाच शाळेची सहल आहे. सवर्ण मुले-मुली वेगळी जेवतात, ही मुले वेगळी, आणि त्यांचे उरलेसुरले यांच्या वाट्याला येते. दुसऱ्या दिवशी गुरुजी सहलीवर निबंध लिहायला सांगतात. या प्रसंगातल्या उष्ट्यावर पुष्कळांनी लिहिले. मला तो निबंध जास्त महत्त्वाचा वाटतो. सहलीवरच्या निबंधाचा साचा ठरलेला असतो. पहाटे उठलो, आनंद गगनात मावेना, निसर्गाची शोभा, शेवटी गुरुजींचे आभार. ज्या मुलाला त्या सहलीत उष्टे मिळाले त्याच्यापुढे हा साचा ठेवला जातो. त्याला काय लिहावे ते सुचत नाही, तेव्हा शाळेच्या दप्तरी नोंद कशी होणार? ‘लेखन कच्चे. प्रयत्न कमी.’ मुलाकडे सांगण्यासारखे काही नव्हते असे नाही. सांगण्यासारखे होते ते निबंधाच्या वहीत बसणारे नव्हते. ते बसायला एक आख्खे पुस्तक लागले. हा प्रसंग ‘दारिद्र्याचे चित्रण’ या मथळ्याखाली शिकवणे म्हणजे त्यातला अध्यापनशास्त्रावरचा घाव झाकून ठेवणे होय.

लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’त (1987) लक्ष्मण शाळेत जाऊ लागतो आणि जमातीत पोरांना हगवण-ओकारी सुरू होते. दोष शाळेत जाणाऱ्या पोरावर येतो, त्याला शाळेतून काढा म्हणतात. पांढरपेशा वाचक येथे ‘अंधश्रद्धा’ म्हणून पान उलटतो. मला ते इतके सोपे वाटत नाही. ज्या जमातीने सरकारी इमारत म्हणजे पोलीस चौकी एवढेच पाहिले, तिने दुसऱ्या सरकारी इमारतीत पोर पाठवताना भ्यावे यात अज्ञानापेक्षा अनुभवच अधिक आहे.

आणि शाळा झाडते कोण? ओमप्रकाश वाल्मीकींच्या हिंदीतल्या ‘जूठन’मध्ये (1997) मुख्याध्यापक त्या पोराला वर्गात बसू न देता दिवस दिवस शाळा झाडायला लावतात, बाप पाहतो आणि हातातला झाडू फेकून देतो. उर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये (2003) गुरुजी मुलीला शेण काढायला सांगतात आणि आई गुरुजींना रस्त्यात गाठून जाब विचारते. एक उत्तर प्रदेशातला बाप, एक कोकणातली आई. दोघांनीही पोराला ‘जिद्द धर’ असा उपदेश केला नाही. ती शाळेशी भांडली. आपल्या समीक्षेने पोरांची जिद्द मोजली, या भांडणाला मात्र नाव दिले नाही. शिकण्याची उमेद त्या पोरांच्या ठायी कुठून आली, याचे उत्तर या दोन प्रसंगांत आहे. कुणीतरी मोठे माणूस येऊन शाळेला म्हणाले, की हे पोर येथे शिकायला आले आहे.

या गोष्टी सवर्ण मध्यमवर्गाच्या ललित लेखनातल्या शाळेशी ताडून पाहाव्यात. तेथे शाळेच्या आठवणी भरपूर : घंटा, मधली सुट्टी, मास्तरांची टोपणनावे, स्नेहसंमेलन. जमीन मात्र कुठेच नाही. ज्याला बसायला जागा आपोआप मिळते त्याला जागा दिसत नाही. दलित लेखक शाळेत शिरताच आधी लिहितो ते कुठे बसलो, पाणी कुणी दिले, किती अंतरावरून दिले. याला कुणी तपशिलाचा सोस म्हणेल, पण तो त्याने शाळेत शिकलेला पहिला धडा आहे.

एक आक्षेप येईल. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली तेव्हा तिच्याजवळ कुठे इमारती होत्या? 1924 च्या साताऱ्याच्या वसतिगृहात मुले हलाखीतच राहिली आणि शिकलीच की! खरे आहे. पण तेथली हलाखी वाटून घेतलेली होती. सर्व जातींची मुले एका स्वयंपाकघरातले जेवत. उघड्या जमिनीवर सगळेच बसले तर तिला गरिबी म्हणता येईल. कुणाला तरी तिथे बसवले तर ते शिक्षण होते, आणि फार परिणामकारक शिक्षण. पोर चटकन शिकते. आपली किंमत किती आहे ते पाढ्यांच्या आधी त्याला पाठ होते.

हे जोतीराव फुल्यांना ठाऊक होते. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन केले त्यात ‘या लोकांना शिक्षणाची आवड नाही’ अशी कुरकुर नाही. रयतेकडून पट्टी गोळा होते आणि ती वरच्या वर्गांच्या शिक्षणावर जाते, हा त्यांचा आरोप. शिक्षकांचे पगार वाढवा, शेतकऱ्यांच्या घरातले शिक्षक नेमा, खालच्या जातींच्या मुलांना शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे द्या, बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी. म्हणजे आज आपण ज्याला ‘प्रेरणा’ म्हणतो ती जोतीरावांच्या लेखी पैशाची, माणसांची आणि जागेची व्यवस्था होती. भाषण देऊन ती उत्पन्न होते असा त्यांचा समज नव्हता.

पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. संविधानाने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा असे सांगितले. मूलभूत हक्काचा कायदा आला 2009 मध्ये. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक शिक्षकामागे एक खोली, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, क्रीडांगण, कुंपण सगळे आहे. मुदत तीन वर्षांची होती, ती 2013 मध्ये उलटून गेली. सप्टेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र शासनाने शाळा दत्तक देण्याची योजना काढली आणि कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करण्याचे प्रस्तावही मागवले. कायद्याने हक्क म्हटलेली वस्तू दत्तक कशी देतात, हे मला कुणी समजावून सांगावे.

तरी सर्वच जिल्हा परिषद शाळा पडक्या आहेत असे मी म्हणत नाही. लोकवर्गणीतून आणि शिक्षकांच्या कष्टांतून उभ्या राहिलेल्या उत्तम शाळा मी पाहिल्या आहेत. पण माझ्या ओळखीच्या गावांत ज्यांना परवडले त्यांनी पोरे पिवळ्या बसमध्ये घालून तालुक्याला पाठवली. सरकारी शाळेत उरली ती आमची, भटक्यांची, ऊसतोडीला जाणाऱ्यांची. आता तेथे कुणाला वेगळे बसवावे लागत नाही. पूर्वी वर्गात एक कोपरा वेगळा होता, आता शाळाच तो कोपरा झाली आहे. आत्मकथनांतली शाळा ‘भूतकाळाचा दस्तऐवज’ म्हणून शिकवणाऱ्यांनी याचा विचार करावा.

आपल्या चळवळीलाही बोलले पाहिजे. जयंतीला आपण गुणवंतांचे सत्कार करतो. शाल, श्रीफळ, पेन. ते करावेत. पण वस्तीतल्या पहिलीत गेलेल्या सगळ्या पोरांची नावे घेऊन बाकीची कुठे आहेत, असे व्यासपीठावरून विचारल्याचे मी ऐकलेले नाही. दया पवारांनी ‘बलुतं’ (1978) लिहिताना स्वतःचे दोन केले, शिकलेला दया ऐकतो आणि दगडू मारुती पवार सांगतो. त्या रचनेवर तंत्र म्हणून चर्चा झाली. मला ती शिक्षणाची किंमत वाटते. शिकलेल्याला आपलीच गोष्ट न सुटलेल्या दगडूकडून ऐकून घ्यावी लागते. आपल्या समीक्षेने दयाचा सत्कार केला, दगडूला ऐकले नाही.

तीन वर्षांपासून मी एम.ए.च्या वर्गात आत्मकथनाच्या स्वाध्यायाबरोबर एक पान जास्त मागतो. चौथीच्या हजेरीपटावर तुमच्याबरोबर नाव असलेली एक व्यक्ती आठवा, ती आज येथे का नाही, ते तिला भेटून लिहा. ‘प्रतिकूल परिस्थिती’ हे शब्द वापरायचे नाहीत. बऱ्याच जणांना नाव आठवायलाच आठवडा लागतो. एका मुलीने आपल्या मैत्रिणीवर लिहिले. सातवीत असताना शाळेत मुलींना आडोसा नव्हता, म्हणून ती सकाळपासून पाणी पीत नसे. मग डोके दुखे, मग गणिताच्या तासाला ती झोपे, मग गुरुजी मारत, मग ती जाईनाशी झाली. घरच्यांनी लग्न ठरवले ते त्यानंतर. गावात सगळे सांगतात ते उलट, लग्न ठरले म्हणून शाळा सुटली. ती आता त्याच शाळेत पोरांची खिचडी शिजवते. स्वाध्यायाच्या शेवटी त्या मुलीने मैत्रिणीला विचारलेला एक प्रश्न आणि तिचे उत्तर आहे. तुला अभ्यासाची आवड नव्हती का, असा प्रश्न. ती म्हणाली, सातवीचे भूगोलाचे पुस्तक अजून पेटीत आहे.

‘शिक्षणाविषयीची अनास्था’ हा विषय घेऊन यंदा आमच्याकडे दोघांनी पीएच.डी.ला नोंदणी केली आहे. दोघांच्याही प्रश्नावल्या पालकांसाठी आहेत. शाळेच्या खोल्या, पाणी, स्वच्छतागृह यांबद्दल त्यांत एकही प्रश्न नव्हता. मी काही सुचवले आहेत; मार्गदर्शकांनी ते ‘विषयाबाहेरचे’ म्हणून परत पाठवले. पुन्हा पाठवणार आहे.