चार रंगांच्या पट्ट्या : ‘टीनएज म्यूटंट निंजा टर्टल्स’च्या माध्यमांतराविषयी

माध्यमांतराची चर्चा आपल्याकडे प्रामुख्याने कादंबरीकडून चित्रपटाकडे, फार तर नाटकाकडून चित्रपटाकडे जाणाऱ्या वाटेवर होत आली आहे. या चर्चेत मूळ संहितेला वाङ्मयीन प्रतिष्ठा गृहीत धरलेली असते आणि त्यामुळे रूपांतर मुळाशी किती प्रामाणिक राहिले, हाच प्रश्न पुनःपुन्हा विचारला जातो. परंतु जी संहिता स्वतःच दुसऱ्या संहितांची थट्टा म्हणून जन्मली आणि जिचे भवितव्य खेळण्यांच्या कारखान्यात ठरले, तिच्या बाबतीत हा प्रश्न कसा विचारावा? केव्हिन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड यांची ‘टीनएज म्यूटंट निंजा टर्टल्स’ ही चित्रकथामालिका या दृष्टीने तपासण्यासारखी आहे.

मे १९८४ मध्ये या मालिकेचा पहिला अंक प्रसिद्ध झाला. तो काळ्यापांढऱ्या छपाईचा होता, लेखक-चित्रकारांनी स्वतःच काढलेला होता आणि त्याच्या प्रती जेमतेम ३,००० च्या आसपास होत्या. तो जॅक कर्बी व फ्रँक मिलर यांना अर्पण केलेला आहे. मिलरच्या ‘डेअरडेव्हिल’चे ऋण तर थट्टेच्या रूपाने कथेतच फेडले आहे. डेअरडेव्हिलला आंधळे करणारा किरणोत्सारी डबाच पुढे घरंगळत जाऊन कासवांच्या पिल्लांपर्यंत पोचतो. त्याचा गुरू ‘स्टिक’, म्हणून यांचा गुरू ‘स्प्लिंटर’. तिकडे ‘हँड’ नावाची टोळी, म्हणून इकडे ‘फूट’. पण हे केवळ विडंबन नाही. स्प्लिंटर हा हमातो योशीचा पाळीव उंदीर आहे आणि धन्याच्या खुनाचा सूड घेता यावा म्हणूनच त्याने कासवांना शस्त्रविद्या दिली आहे. सूड उगवला जातो आणि खलनायक श्रेडर पहिल्याच अंकात मरतो. मुलांना मारेकरी म्हणून वाढवणाऱ्या गुरूची ही काळी कथा विडंबनाच्या आवरणाखाली गंभीरपणे सांगितली आहे. तिची सारी ताकद या दुहेरीपणात आहे.

डिसेंबर १९८७ मध्ये दूरचित्रवाणीवर पाच भागांची सचेतपट-मालिका आली आणि १९८८ मध्ये प्लेमेट्स कंपनीची खेळणी आली. हा क्रम फसवा आहे. मालिका आधी दिसली, तरी ती खेळणी विकली जावीत यासाठीच आकाराला आली होती. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने १९८४ मध्ये दूरचित्रवाणीवरील जाहिरातींची बंधने सैल केली होती. त्याशिवाय हा व्यवहार इतका उघडपणे झाला नसता. माध्यमांतराच्या इतिहासात सरकारी नियमांनाही स्थान द्यावे लागते, ते असे.

आता पट्ट्यांचा प्रश्न. मूळ चित्रकथेत चारही कासवे दिसायला एकसारखी आहेत. रंगीत मुखपृष्ठांवर सर्वांच्या डोळ्यांवर लाल पट्टी आहे. आत तर रंगच नाही. लिओनार्दो, राफाएल, डोनाटेल्लो आणि मायकेलॲन्जेलो यांना ओळखायचे ते हातातल्या शस्त्रावरून. म्हणजे वाचकाने कृती पाहायची आणि कृतीवरून माणूस (येथे कासव) ओळखायचा. दुकानाच्या फळीवर ही व्यवस्था चालत नाही. तेथे एक बाहुली दुसरीहून वेगळी दिसली पाहिजे, नाहीतर मूल चारही का मागेल? म्हणून निळी, लाल, जांभळी आणि नारिंगी अशा पट्ट्या आल्या, त्वचेच्या हिरव्या रंगातही छटा आल्या आणि कमरेच्या पट्ट्यावर नावाचे आद्याक्षर आले. हेतू निव्वळ व्यापारी. तथापि माझ्या मते संपूर्ण रूपांतरातील सर्वांत समर्थ कल्पना हीच आहे. रंग आल्याबरोबर स्वभाव पक्के झाले; आज आपण या पात्रांविषयी जे बोलतो, ते बव्हंशी या रंगांनी शिकवलेले आहे. देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंजारराव’ केला तेव्हा तो रंगमंचावर उभा राहतो की नाही, ही कसोटी मराठी प्रेक्षकाने लावली; शेक्सपिअरशी इमान ही नव्हे. त्या कसोटीवर पट्ट्या उतरतात.

बाकीचे बदल मात्र त्याच कसोटीवर टिकत नाहीत. सचेतपटात स्प्लिंटर हा उंदीर झालेला हमातो योशीच आहे. खून नाही, म्हणून सूड नाही. फूट टोळीचे सैनिक यंत्रमानव झाले, कारण यंत्र कापले तर चालते. चित्रकथेतील कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ बॅक्स्टर स्टॉकमन पडद्यावर गोरा झाला. या बदलाला माध्यमाची कोणतीही गरज पुढे करता येणार नाही. ब्रिटनमध्ये नावातला ‘निंजा’ जाऊन ‘हीरो’ आला आणि नुनचाकुची दृश्ये कापली गेली. स्टीव्ह बॅरनच्या १९९० च्या चित्रपटाने चित्रकथेतील अंधार आणि शेतघरावरचा अज्ञातवास परत आणला खरा, पण पट्ट्यांचे रंग त्यानेही सचेतपटाचेच ठेवले.

याहून चमत्कारिक गोष्ट आर्ची प्रकाशनाने केली. १९८८ मध्ये त्यांनी सचेतपटाच्या भागांवरून मुलांसाठी चित्रकथा काढली. म्हणजे चित्रकथेच्या रूपांतराचे पुन्हा चित्रकथेत रूपांतर. मूळ मालिका त्याच वेळी चालूच होती. येथे ‘मूळ’ आणि ‘रूपांतर’ हे शब्द कालक्रम सांगतात, अधिकार सांगत नाहीत.

अधिकाराचा प्रश्न तरीही उरतो. सीगल व शुस्टर यांनी १९३८ मध्ये सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरना विकले, ही कथा सर्वपरिचित आहे. ईस्टमन व लेअर्ड यांची कथा तशी नाही. हक्क त्यांच्याच हाती होते आणि १९८८ मध्ये चित्रकथाकारांच्या हक्कांची जी सनद सिद्ध झाली, तिच्या सिद्धतेत ते सहभागी होते. त्यामुळे सौम्यीकरणाचे सारे पाप बाजाराच्या माथी मारण्याची आपली समीक्षकी सवय येथे उपयोगी पडत नाही. ज्यांना नकार देता येत होता, त्यांनीच होकार दिला होता. २००९ मध्ये लेअर्डने सुमारे ६ कोटी डॉलरना ही मालमत्ता व्हायाकॉमला विकली, तोपर्यंत ती कायद्याने निर्मात्याकडेच होती.

२०२० मध्ये ‘द लास्ट रोनिन’ ही चित्रकथा सुरू झाली. तिचा आराखडा या दोघांनी १९८७ मध्येच, म्हणजे सचेतपट आला त्याच वर्षी, लिहून ठेवला होता. तीन भाऊ मारले गेले आहेत आणि उरलेल्या एकाच्या डोळ्यांवर काळी पट्टी आहे. त्याच्याजवळ चौघांचीही शस्त्रे असल्यामुळे तो कोण, हे शस्त्रावरूनही कळत नाही. पहिल्या अंकाच्या अखेरीस त्याचे नाव उघड होते. रंगांच्या चिन्हव्यवस्थेत वाढलेल्या वाचकालाच या काळ्या पट्टीचा अर्थ पुरता लागतो. १९८४ च्या वाचकाला तो लागला नसता. या काळ्या पट्टीच्या कासवाचीही बाहुली बाजारात आली आहे.