पडद्यावरची मीरा

बालगंधर्वांचे स्मरण करताना रसिकांचे मन ‘स्वयंवर’पाशी रेंगाळते, ‘एकच प्याला’तील सिंधूपाशी गहिवरते, ‘साध्वी मीराबाई’पाशी मात्र कोणी थांबत नाही. 1937 सालचा हा बोलपट कोसळला. त्याची आठवण काढणे म्हणजे थोर कलावंताच्या पडत्या काळाची उणीदुणी काढणे, असा संकेतच जणू रूढ झाला आहे. आम्हांस तो मान्य नाही. रंगभूमीवरचे संगीत नाटक नव्या प्रेक्षकांसाठी नव्याने घडवताना नेमके काय हातचे निसटते, हे त्या अपयशाइतके स्वच्छ क्वचितच दिसते.

1913 साली निघालेली गंधर्व नाटक मंडळी एकेकाळी वैभवाच्या शिखरावर होती. ऑर्गन आणि सारंगी साथीला, तबल्यावर अहमदजान थिरकवाँ. मग श्रोत्यांनी ‘वन्समोअर’चा गजर का करू नये? पण 1931 मध्ये ‘आलम आरा’ आला आणि 1932 मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’. त्यात हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे, म्हणजे गंधर्व मंडळीचेच एक संस्थापक. आणि तारामती होत्या दुर्गा खोटे. स्त्रीची भूमिका स्त्रीनेच करावी, ही गोष्ट पडद्याने वाद न घालता निकालात काढली. प्रेक्षक तिकडे वळले, मंडळी कर्जाने वाकली.

1935 मध्ये बालगंधर्व व्ही. शांताराम यांच्या ‘धर्मात्मा’त संत एकनाथ झाले. आमच्या शेवगावकरांना पैठणची वाट पायाखालची, तेव्हा नाथांची कथा परकी वाटण्याचे कारण नव्हते. पण ज्यांनी त्यांना भामिनी आणि रुक्मिणी म्हणून हृदयात बसवले होते, त्यांना हा पुरुषवेष रुचला नाही. मग निराळा मार्ग निघाला. वसंत शांताराम देसाई यांचे ‘अमृतसिद्धि’ हे मीराबाईवरील नाटक रंगभूमीवर आलेले होते. तेच बाबूराव पेंटरांच्या दिग्दर्शनाखाली पडद्यावर आणायचे आणि मीरा स्वतः बालगंधर्वांनीच व्हायचे! पन्नाशीच्या उंबरठ्यावरील पुरुषाने कॅमेऱ्यासमोर स्त्रीवेषात उभे राहायचे, हे धाडस म्हणावे की भाबडेपण, कोण सांगणार?

वय झाले, म्हणून चित्रपट पडला, असे सांगणारे अर्धेच सांगतात. वय रंगभूमीवरही झालेच होते. तेथे मात्र दिव्यांच्या उजेडात, काही हातांच्या अंतरावर, नट आणि प्रेक्षक यांच्यात एक अलिखित करार असे: तुम्ही लाजा, आम्ही त्या लाजेला स्त्री मानू. हे मानणे प्रेक्षकांचे काम होते आणि ते काम करण्यातच त्यांना आनंद होता. कॅमेरा चेहऱ्याजवळ गेला आणि त्याने प्रेक्षकांकडून ते काम काढून घेतले. गाण्याचेही तेच. रंगमंचावर समोरून दाद आली की त्याच पदाला नवी तान फुटे. पद किती लांबणार, हे गायक आणि श्रोते मिळून ठरवीत. फीत एकदा मुद्रित झाली की तिला दाद ऐकू येत नाही.

याउलट एक उदाहरण आमच्याच अहिल्यानगर जिल्ह्यातले. संगमनेरला स्थायिक झालेल्या, 2021 साली निवर्तलेल्या तमाशा कलावंत कांताबाई सातारकर पुरुषभूमिका करीत. शिवाजी महाराजही त्यांनी उभे केले. तंबूतल्या ग्रामीण प्रेक्षकाला ते खटकले नाही, कारण तंबूत तो करार शाबूत होता. (तमाशाचे नाव धर्मगुरूच्या लेखणीतून आले म्हणून कोणी भुवया उंचावू नयेत, कला कोठे जिवंत राहते, हे पाहायला संकोच कसला?)

मग संगीत नाटकाने पडद्याकडे वळूच नये काय? तसेही नाही. दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ 1967 चे. 2015 मध्ये ते चित्रपट होऊन आले आणि ज्यांनी नाट्यपद कधी ऐकले नव्हते अशा तरुणांनीही ते उचलून धरले. आमच्या मते याचे एक कारण कथेतच आहे. ती गायकांची कथा आहे. दरबार भरतो, जुगलबंदी होते, ऐकणारे माना डोलावतात. दाद देणारा श्रोता चित्रातच बसलेला आहे. मीरेला असा श्रोता मिळाला नाही. तिने जुना करार मोडलेल्या जागी जुन्याच रीतीने गायचे ठरवले, आणि तिच्या समोर होते केवळ यंत्र.

हा विषय आम्ही आताच का काढला, तर गावोगावची आमची तरुण मंडळी नाताळची संगीत नाटिका ‘नव्या पिढीसाठी’ सुधारू पाहत आहेत. पेटी-तबला बाजूला, गाणी आधीच ध्वनिमुद्रित, पात्रांनी फक्त ओठ हलवायचे. आवाज सुबक येतो, यात शंका नाही. पण मागच्या रांगेतली म्हातारी ज्या ओळीवर टाळी धरते, तेथे मेंढपाळाला क्षणभर थांबता येईल काय, एवढे त्यांनी आम्हांस सांगावे.

‘साध्वी मीराबाई’नंतर बालगंधर्व पुन्हा रंगभूमीवर परतले. पुढे गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या नाटकांत नायिका होऊ लागल्या आणि ते स्वतः पुरुषवेषात त्यांच्या शेजारी उभे राहून गाऊ लागले. ‘धर्मात्मा’त जो वेष लोकांना सोसवला नव्हता, तो रंगमंचावर त्यांनी पत्करला; तिथे निदान समोर माणसे बसलेली होती.