'चंद्रलोकची सफर' : एक परामर्श

कोचीनहून निघणाऱ्या 'केरळ कोकिळ' या मराठी मासिकात इ. स. १९०० मध्ये 'चंद्रलोकची सफर' क्रमशः येऊ लागली. ज्यूल व्हर्न या फ्रेंच ग्रंथकाराच्या कादंबरीचा तो मराठी अवतार होय. मराठी विज्ञानकथेचा आरंभ येथून मोजण्याचा प्रघात आहे. कै. कृष्णाजी नारायण आठल्ये यांचे मासिक महाराष्ट्रापासून इतके दूर, आणि चंद्राची वाट मराठी वाचकास प्रथम दिसावी ती तेथून, याचे आम्हांस कौतुक वाटते. परंतु आद्यत्वाचा मान देऊन झाला की कथेचे गुणदोष क्वचितच तोलले जातात.

मूळ ग्रंथ १८६५ चा. अमेरिकेतील यादवी संपल्यामुळे तोफा ओतणारे गृहस्थ रिकामे बसले आहेत. त्यांचे अध्यक्ष बार्बिकेन चंद्रावर गोळा फेकण्याचा ठराव मांडतात. मग नऊशे फूट लांबीची तोफ जमिनीतच ओतली जाते, देशोदेशी वर्गणी गोळा होते, आणि शेवटी तिघे जण गोळ्यात बसून निघतात. वर्गणीचे प्रकरण आजही हसविते. पात्रे मात्र पुठ्ठ्याची आहेत. त्यांच्यामागे रडणारे घरी कोणी नाही, ही उणीव आम्हांस फार जाणवली.

व्हर्नची स्तुती बहुधा भविष्यवेत्ता म्हणून होते. त्याने फ्लोरिडा निवडले. १९६८ च्या डिसेंबरात अपोलो ८ चे तिघे प्रवासी तेथूनच उडाले, चंद्रास प्रदक्षिणा घालून पॅसिफिकात उतरले. हा मेळ खरा, पण कारणे निराळी. व्हर्नला चंद्र डोक्यावर यावयास हवा होता. पुढच्या लोकांस पृथ्वीच्या फिरण्याचा लाभ व पूर्वेस मोकळा समुद्र हवा होता. आणि तोफेचे काय? नऊशे फुटांत सेकंदास अकरा किलोमीटर वेग द्यावयाचा, तर प्रवाशाचे वजन वीस हजार पटींहून अधिक भासेल. व्हर्नने त्यांच्या तळाशी पाण्याची गादी घातली आहे. तिने त्यांचा चेंदामेंदा चुकत नाही. माणसे दूर ठेवून केवळ गोळ्याचेच पाहिले, तर त्या कल्पनेच्या जवळ जाणारे कृत्य रशियाच्या लूना २ ने १९५९ मध्ये केले : ते चंद्रावर आदळले व फुटले.

तथापि ग्रंथाचे खरे मर्म आम्हांस दुसरीकडे दिसते. पुढील भागात, म्हणजे १८७० च्या ग्रंथात, चंद्रावर पडताना धक्का कमी व्हावा म्हणून गोळ्याच्या बुडाशी अग्निबाण लावल्याचे वर्णन आहे. हवा नसली तरी अग्निबाण रेटा देतो, हे व्हर्न जाणून होता. खरे साधन हाती असता त्याने ते पायपुसण्यासारखे वापरले आणि सारा थाट तोफेचा केला! याच ग्रंथांनी मन पेटलेल्या त्सिओल्कोव्स्की या रशियन शिक्षकाने १९०३ मध्ये अग्निबाणाचे गणित प्रसिद्ध केले. १९५७ चा स्पुत्निक, १९६१ चे गागारिन यांचे उड्डाण, १९६९ मधील चंद्रावरचे पाऊल, हे सर्व त्याच मार्गाचे. एका चुकलेल्या कादंबरीने एवढे केले, यापरते श्रेय भविष्य अचूक वर्तविल्याने तिला मिळाले नसते.

२३ ऑगस्ट २०२३ च्या सायंकाळी आम्ही वाटूर फाट्यावर एका चहाच्या टपरीत होतो. चांद्रयान ३ चा 'विक्रम' उतरत होता. २०१९ मध्ये आधीचे यान अखेरच्या क्षणी आदळले होते, ते कोणी विसरले नव्हते; म्हणून मोबाईलभोवती जमलेली मंडळी गप्प होती. पडद्यावर वेगाचा आकडा उतरत होता, आणि तो उतरविणारी होती ती बुडाशी लावलेली यंत्रेच. सहा वाजून चार मिनिटांनी टपरीवाल्याने भांडे खाली ठेवले आणि त्या फेरीच्या चहाचे पैसे कोणाकडूनही घेतले नाहीत.