वाक्चातुर्याविना वाइल्ड : लुबिचच्या एका मूकपटाविषयी

नाटकावरून बेतलेल्या अमेरिकन मूकपटांची चर्चा बहुधा 'शब्द गेले, मग उरले काय?' या प्रश्नापाशी अडते. ग्रिफिथच्या 'वे डाउन ईस्ट' (१९२०) संदर्भात हा प्रश्न फारसा बोचत नाही. मूळ मेलोड्रामातील संवादांपेक्षा वाहत्या हिमखंडांवरचा सुटकेचा प्रसंग प्रभावी ठरावा, यात नवल नाही. परंतु ज्या नाटकाचा प्राणच संवाद आहे, त्याचे काय? अर्न्स्ट लुबिचने वॉर्नर ब्रदर्ससाठी १९२५ मध्ये केलेला 'लेडी विंडरमिअर्स फॅन' ही या प्रश्नाची खरी कसोटी होय. ऑस्कर वाइल्डच्या १८९२ मध्ये रंगभूमीवर आलेल्या नाटकातील चमकदार वचने लुबिचने पडद्यावरील पाट्यांतूनही येऊ दिली नाहीत.

ही केवळ माध्यमाची अगतिकता नव्हे. पाट्यांवर ती वचने सहज छापता आली असती. लुबिचने त्याऐवजी, ती वचने नाटकात कोणते कार्य करतात, हा प्रश्न विचारलेला दिसतो. पहिल्या अंकात मिसेस अर्लिन रंगमंचावर येतच नाही. डचेस ऑफ बर्विकच्या कुजबुजीतून ती प्रेक्षकांपर्यंत पोहोचते. चित्रपटात या कुजबुजीची जागा घोडशर्यतीच्या मैदानाने घेतली आहे. मूळ संहितेत हा प्रसंग नाही. दुर्बिणी घोड्यांसाठी आणलेल्या. त्या रोखल्या जातात एका स्त्रीवर. समाजाची जीभ येथे समाजाची नजर होते.

येथे आणखी एक फेरफार महत्त्वाचा ठरतो. मिसेस अर्लिन ही लेडी विंडरमिअरची, मृत समजली गेलेली आई आहे, हे नाटकात उशिरा उमगते. चित्रपटात मात्र प्रेक्षकाला ते शर्यतीपूर्वीच ठाऊक असते. त्यामुळे तो दुर्बिणीतून पाहणाऱ्यांबरोबर पाहतो, पण त्यांच्याइतका अज्ञानी राहत नाही. पाहणे आणि जाणणे यांतील हे अंतर म्हणजेच लुबिचचा उपरोध. वाइल्डच्या उपरोधाचे ते चित्रभाषेतील समतुल्य रूप मानावयास हरकत नाही.

मात्र या यशाची किंमत आहे, आणि लुबिचचे प्रशंसक ती क्वचितच मोजतात. नाटकात चातुर्य पात्रांचे असते. चित्रपटात ते दिग्दर्शकाचे होते. रोनाल्ड कोलमनचा लॉर्ड डार्लिंग्टन देखणा आहे. परंतु त्याचे बोलणे काढून घेतल्यावर तो एक सामान्य प्रणयी उरतो. मिसेस अर्लिनच्या बाबतीत हानी अधिक खोल आहे. वाइल्डची ही स्त्री दुसऱ्या अंकातील नृत्यसमारंभात आपल्या बोलण्याने समाज पुन्हा जिंकते. चौथ्या अंकात पश्चात्तापदग्ध मातेची भूमिका ती विनोदाने झिडकारते. तिचा विनोद ही तिची स्वायत्तता आहे. आयरीन रिचचा चेहरा जवळून दिसतो तेव्हा त्यावर दबलेले मातृत्व विलक्षण संयमाने उमटते, हे खरे. परंतु वाइल्डच्या नायिकेने जी भूमिका शब्दांनी नाकारली, तीच येथे मौन तिच्याकडून वदवून घेते.