‘स्मृतिचित्रां’तले तारण

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. शेवटचा भाग निघाला तेव्हा लक्ष्मीबाई हयात नव्हत्या. त्यानंतरच्या कित्येक पिढ्यांनी या पुस्तकातले उतारे शाळेत वाचले, आणि वाचताना त्या मनमुराद हसल्या. टिळकांचा विसरभोळेपणा, त्यांचा क्षणात भडकणारा आणि क्षणात विरघळणारा स्वभाव, हाती आलेला पैसा दुसऱ्याच्या हाती जाईपर्यंत त्यांना न पडणारे चैन, आणि या साऱ्यात संसार रेटताना लक्ष्मीबाईंची होणारी तारांबळ, एवढे सांगितले की मास्तरांचा तास रंगलाच म्हणून समजावे. रसिकांनीही या पुस्तकाला भरभरून दाद दिली. पण ती बहुतेक भाषेला, विनोदाला आणि प्रांजळपणाला होती. त्याच्या पोटात असलेल्या धर्मविचाराकडे मात्र आपण जरा कानाडोळाच केला. हिंदू वाचकाला वाटले, तो त्यांच्या देवळाचा प्रश्न. ख्रिस्ती वाचकाला वाटले, धर्मविचारच पाहायचा तर टिळकांची ‘अभंगांजली’ आहे की! मला मात्र असे वाटते की, ख्रिस्ती लोक ज्याला ‘तारण’ म्हणतात त्याचा अर्थ मराठी माणसाला समजावून सांगणारे पुस्तक शोधायचे झाले, तर ते हेच.

‘तारण’ हा शब्द आमच्या बीडकडे चर्चमध्ये ऐकू येण्याआधी सावकाराच्या ओट्यावर ऐकू येतो. डाग तारण ठेवतात, जमीन तारण ठेवतात. ऊसतोडीला जाणारे जोडपे मुकादमाकडून उचल घेते आणि ती फिटेपर्यंत त्याच्यापुढे मान वर करीत नाही. पुष्कळांचा देवाशी असलेला व्यवहारही याच वळणाचा असतो. देव हा मोठा मुकादम, पाप ही उचल, उपासतापास, नवससायास, सोवळेओवळे किंवा रविवारची हजेरी हे हप्ते, आणि नरक म्हणजे जप्ती! या धर्मात हिशेब चोख असतो, भीतीही भरपूर असते. जिव्हाळ्याला तेवढी जागा उरत नाही.

मराठी बायबलात मात्र तारणाच्या जोडीने आणखी एक शब्द येतो, तो म्हणजे ‘समेट’. पौलाच्या पत्रांत तो देव आणि माणूस यांच्याविषयी वापरलेला आहे. मोठा घरगुती शब्द आहे हा! बांधावरून भांडलेले भाऊ पुन्हा एका पंक्तीला बसतात, रुसून माहेरी गेलेली सून परत येते, तेव्हा आपण म्हणतो, समेट झाला. येशूने सांगितलेल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीतला बाप मुलाकडे जमाखर्च मागत नाही. त्याला दुरून पाहताच तो धावत सुटतो. हिशेब काढतो तो थोरला भाऊ. त्याने घर कधी सोडलेले नसते, पण बापाशी त्याचे नाते मालक-चाकराचेच राहिलेले असते. तारणाचे हे दोन अर्थ मनात धरून ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचावीत.

पुस्तकाच्या आरंभीच लक्ष्मीबाईंचे वडील भेटतात. १८५७ च्या बंडानंतर त्यांच्या सासऱ्यांना फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर त्यांना सोवळ्याचे वेड लागले. बाहेरून घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय त्यांना चालेना. या वेडाचा भार पडला तो बायकोवर आणि लेकरांवर. वाचताना आपण हसतो. पण हसू ओसरल्यावर ध्यानात येते की, हे भेदरलेल्या माणसाचे चित्र आहे. जगात काहीतरी भयंकर घडले, ते आपल्या घरात शिरू नये म्हणून हा बिचारा दारात पाणी घेऊन उभा आहे. त्याच्या धर्माने त्याला स्वच्छ ठेवले असेल, पण जवळच्या माणसांपासून दूर नेले. लक्ष्मीबाई वडिलांवर न्यायाधीशासारख्या तुटून पडत नाहीत. जे घडत होते ते सांगतात आणि पुढे जातात. भयाच्या धर्मावरची इतकी मार्मिक टीका मराठीत थोडकीच असेल.

आता खरी अडचण पाहू. नारायण वामन टिळक १८९३ साली राजनांदगावला जात असताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ भेट दिला. डोंगरावरच्या प्रवचनाने ते भारून गेले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईला त्यांनी एका हिंदी पाळकाच्या हातून बाप्तिस्मा घेतला. तारण म्हणजे नाती जुळणे असे म्हणावे, तर इथे पहिल्या झपाट्यात नाती तुटलेली दिसतात! बायको एकीकडे, नवरा दुसरीकडे, आणि लहानगा दत्तू आईच्या पदराखाली. पुढची जवळजवळ पाच वर्षे लक्ष्मीबाईंनी नातलगांच्या आधाराने, जनांच्या टोमण्यांत काढली. आमच्याकडे दिवाळी सरली की गावातली निम्मी घरे ऊसतोडीसाठी कुलुपबंद होतात, म्हातारी माणसे ओट्यावर बसून वाट पाहतात. ताटातूट म्हणजे काय हे इथल्या वाचकाला फोड करून सांगावे लागत नाही. आत्म्याच्या ओढीने निघालेल्या माणसाने घरच्यांच्या काळजाला केवढी जखम केली, हे लक्ष्मीबाई लपवीत नाहीत. पुस्तकाचा प्रामाणिकपणा इथे कसाला लागतो, आणि तो उतरतो.

म्हणूनच मला वाटते, टिळकांचा बाप्तिस्मा हा या पुस्तकातला तारणाचा प्रसंग नव्हे. तो पुढे आहे, आणि तो एका दिवसात घडत नाही. धर्मांतरामुळे जोडीदार सोडून गेला तर कोर्टात जाऊन विवाह रद्द करून घेण्याची वाट १८६६ च्या कायद्याने धर्मांतर करणाऱ्याला मोकळी करून दिली होती. टिळकांनी त्या वाटेकडे पाठ फिरवली. ते वाट पाहत राहिले, आणि अखेर लक्ष्मीबाई त्यांच्याकडे नगरला आल्या, त्या आपले सोवळे आणि आपली चूल बरोबर घेऊन! नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यात, असा तो संसार पुन्हा सुरू झाला. टिळकांनी तिच्यावर धर्माची सक्ती केली नाही. या संसारात कुणाचेही मत बदलण्याआधी नाते परतले होते.

आणि मग एक दिवस लक्ष्मीबाईंच्या मनातून जातीची गाठ सुटली. ती कुणा मिशनऱ्याच्या वादाने सुटली नाही, नरकाच्या धाकाने तर नाहीच. माणसे देवाने केली, मग जाती कुणी केल्या, असा साधा बायकी विचार त्यांनी स्वतःशीच केला आणि कुणाच्याही हातचे खायला त्या मोकळ्या झाल्या. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. क्रम ध्यानात घ्यावा: आधी नवऱ्याशी समेट, मग माणसांशी, आणि त्यानंतर धर्माचा विधी. वडिलांनी दाराशी पाणी घेऊन जे जग अडवून धरले होते, त्याला लेकीने दार उघडले.

ते दार पुढे बंद झालेच नाही. टिळकांच्या घरी पोरकी मुले वाढली, येणारेजाणारे राहिले. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात नावाजलेला कोवळा त्र्यंबक ठोमरे, म्हणजे आपला बालकवी, नगरला याच घरात पोटच्या मुलासारखा राहिला. तो हिंदूच होता आणि हिंदूच राहिला. त्याला ख्रिस्ती करण्याची घाई त्या घराला झाली नाही.

भयाचा धर्म केवळ सोवळ्यातच असतो असे मानून ख्रिस्ती वाचकाने निर्धास्त होऊ नये. चर्चलाही आपले सोवळे असते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे सांगणाऱ्या टिळकांना मिशनची चौकट पुढे पुढे अपुरी वाटू लागली. १९१७ साली मिशनचा पगार सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला आणि बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांनाही त्यात बोलावले. ९ मे १९१९ रोजी ते गेले, आणि दरबार जेमतेम मांडलेलाच राहिला. पण त्यामागचा विचार ‘स्मृतिचित्रां’तल्या घराशी तंतोतंत जुळतो. बाहेरच्या खुणेपेक्षा आतली सोयरीक मोठी, हाच तो विचार.

एवढे कौतुक केल्यावर एक उणीवही सांगितली पाहिजे. नगर जिल्ह्यात आणि आमच्या मराठवाड्यात जी माणसे ख्रिस्ती झाली, ती फार मोठ्या संख्येने महार-मांग समाजातली होती. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी बेथेल वसवले, तेही अशाच कुटुंबांना हाताशी धरून. टिळक काय किंवा शेषाद्री काय, ब्राह्मणाला ख्रिस्ताकडे जाताना असलेली नाती आधी गमवावी लागली. गावकुसाबाहेरच्या माणसाची गोष्ट उलटी. त्याला गावाने नाते दिलेच नव्हते. पंक्तीत बसणे आणि शाळेत अक्षर गिरवणे हेच त्याला तारण होते. पोटासाठी धर्म बदलला, असे म्हणून त्याला हिणवणाऱ्यांनी भुकेल्याशी कुणी सोयरीक केली होती, हे आधी सांगावे. ‘स्मृतिचित्रां’त ही माणसे येतात, पण ती लक्ष्मीबाईंच्या नजरेतून. त्यांच्या स्वतःच्या तोंडची कहाणी तितक्याच ठसठशीतपणे मराठीत आली असती, तर तारणाचे हे चित्र पुरे झाले असते. हा दोष एकट्या लक्ष्मीबाईंचा नव्हे. लिहिण्याचा अधिकार ज्या साहित्याने मूठभरांपाशी ठेवला त्याचा तो आहे.

शेवटी पुन्हा विनोदाकडेच येतो. लक्ष्मीबाई नवऱ्याला हसतात, सोवळ्याला हसतात, आणि स्वतःला तर सर्वांत जास्त हसतात. हा विनोद वाचकाला रिझविण्यासाठी वर लावलेला मुलामा नव्हे. भ्यालेल्या माणसाला असे हसता येत नाही. मुकादमापुढे उभा असलेला गडी हसतो ते ओठांनी. मनातला धाक गेला आणि सगळ्यांशी समेट झाला, म्हणजे जे हसू येते ते या पुस्तकात पानोपानी आहे. टिळकांनी अर्धेमुर्धे टाकलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पश्चात याच बाईंनी, शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईंनी, नेटाने पुढे नेले. एकेकाळी ज्या धर्माने त्यांचा नवरा हिरावून नेला असे त्यांना वाटले होते, त्याच धर्माचे काव्य त्या नवऱ्यासाठी पुरे करीत बसल्या. या दिवाळीत फराळाचे ताट बाजूला सारून कुणी ‘स्मृतिचित्रे’ हाती घेतली, तर हसता हसता एवढे मनाशी विचारावे: आपण देवाचे हप्ते भरतो आहोत, की ज्याच्याशी बोलणे टाकले आहे त्याच्या घरी दोन करंज्या घेऊन जाणार आहोत?