गळांचा खण

कर्बी घाटाचा गळ काउंटरच्या काचेवर ठेवला, तर तो सपाट बसत नाही. त्याचं टोक दांड्याच्या रेषेतून किंचित बाजूला गेलेलं असतं, म्हणून तो एका अंगावर कलतो. नवख्याला वाटावं, माल वाकडा आला. पण हा कल मुद्दाम दिलेला असतो. सरळ गळ मिटत्या जबड्यातून अलगद सुटून येऊ शकतो. कललेलं टोक बाहेर येताना कुठेतरी, बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यात, रुततंच. सतराव्या शतकातल्या लंडनच्या चार्ल्स कर्बी या कारागिराचं नाव या घाटाला मिळालं. आपल्याकडे तो आला नॉर्वेच्या मुस्ताद कंपनीच्या पुड्यांतून. ही कंपनी 1877 पासून गळ करते. तिची निशाणी चावी, त्यामुळे इंग्रजी न येणाऱ्या गिऱ्हाइकालाही पुडी ओळखता येई. ठाण्याच्या बाजारात या गळाकडे पाहायला मी शिकलो आणि तेव्हापासून हातात आलेला प्रत्येक गळ आधी सपाट जागेवर ठेवून पाहतो.

केवळ मासेमारीच्या सामानाचं दुकान अशी पाटी या पट्ट्यात माझ्या पाहण्यात नव्हती. ठाण्यात जांभळी नाक्याजवळचा बाजार घ्या, कल्याणात शिवाजी चौकाभोवतीची जुनी पेठ घ्या, नाहीतर डोंबिवलीत स्टेशनालगतच्या गल्ल्या घ्या; दुकान असायचं ते दोरी-सुतळीचं. बाहेर काथ्याची वेटोळी टांगलेली, पावसाळा जवळ आला की ताडपत्र्या आणि प्लॅस्टिकचे तागे. आत पॅकिंगची सुतळी, कारण 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, वागळे इस्टेट उभी राहिली, मग डोंबिवलीची वसाहत आली आणि खोकी बांधायला सुतळी मणामणानं खपू लागली. दुकान चाले ते त्या सुतळीवर. गळ, शिसं, तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, बुचं हे सगळं गल्ल्यामागच्या एका लाकडी खणात. मालकाला त्यातून फार मिळत नसावं, तरी तो खण त्याच्या खास मायेतला असे. बाकीचा माल पोऱ्या काढून देई, हा खण मात्र मालक स्वतः उघडी.

एमआयडीसीतल्या अनेक कारखान्यांना सुट्टी शुक्रवारी असे, त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी पाळी सुटलेले कामगार इथे थांबत. चेंदणी कोळीवाड्यातले, विटाव्याचे, मोठागावचे लोक येत ते तिथी पाहून. दोघांचं मागणं वेगळं, आणि हा फरक खणात दिसे.

तो खण मी एखाद्या चांगल्या संग्रहासारखा वाचत आलो. त्यातली मांडणी किमतीवरून नसे, माशाच्या तोंडावरून असे. तलावातल्या माशांसाठी बारीक, काळपट गळ एका कप्प्यात. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो पाण्याच्या वरच्या थरात खातो. रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. तेव्हा गळ जवळपास एकच, पण बुच कुठे बांधायचं आणि शिसं किती लावायचं यावर मासा ठरतो. तलावपाळीच्या किंवा उपवनच्या काठावर कणकेचा गोळा घेऊन बसणाऱ्याला मालक आधी विचारी, काय धरायचंय, आणि मग बुचं पुढे करी. खारट पाण्यासाठीचे गळ दुसऱ्या कप्प्यात, कल्हई केलेले, पांढरे. शिंगाळ्यासाठी लांब दांड्याचा, कारण तो गळ खोल गिळतो आणि काढताना त्याच्या विषारी काट्यांपासून बोटं दूर ठेवावी लागतात. जिताड्यासाठी जाड तारेचा. जिताड्याचे दात भीतीदायक नसतात, पण कल्ल्यांवरची झाकणं वस्तऱ्यासारखी धारदार. मासा उसळला, डोकं झटकलं, की बारीक दोरा तिथेच तुटतो. म्हणून जिताड्याचा गळ मागणाऱ्याच्या हातात जाड तंगुसाची लडीही आपसूक पडे.

आणि बोयीसाठी? बोयीचा कप्पाच नव्हता. खाडीतला इतका नेहमीचा मासा, पण तो गाळावरचं शेवाळ आणि कुजका चारा खातो, तोंड लहान आणि नाजूक, गळाकडे क्वचितच वळतो. चिंबोरीचंही तसंच, तिला फग म्हणजे सापळे लावायचे, त्यात माशाचं डोकं बांधायचं. या नसलेल्या कप्प्यांमुळेच मला तो खण थोर वाटतो. जिथे गळाचं काम नाही तिथे तो विकायचा नाही, हे ज्या दुकानदाराला कळतं त्याला खाडी कळलेली असते.

बोयीसाठी वर बघावं लागे. छताच्या आकड्याला पाग, म्हणजे हातानं फेकायचं जाळं, लटकत असे.

पागेबद्दल सविस्तर लिहायलाच हवं, कारण या सगळ्या सामानात कारागिरीची परिसीमा तिथे आहे. मिटलेली पाग म्हणजे शेंड्याला दोरी आणि खाली शिशाच्या गोळ्यांचा घेर असलेला एक लांबट जुडगा, बघणाऱ्याला त्यात काही दिसत नाही. विणकर शेंड्यापासून सुरुवात करतो आणि गोलगोल विणत खाली येतो. ठराविक फेऱ्यांनी जादा आस, म्हणजे जाळ्याचे डोळे, घालत जातो. या वाढीव आसांमुळेच जाळं फेकल्यावर पूर्ण वर्तुळ होऊन उघडतं. वाढ एका बाजूला कमी पडली, तर पाग पाण्यावर लंबगोल पडते आणि त्या बाजूनं बोय उडी मारून निघून जाते. घेराची कड आत दुमडून खिसे केलेले असतात. पाग ओढताना शिसं तळाला घासत येतं, मासा खाली दबतो आणि या खिशांत जमतो. एवढी योजना दोऱ्याच्या गाठींत भरलेली असते आणि टांगलेल्या जाळ्यात ती अजिबात दिसत नाही, म्हणून पाग विकत घेणारा माणूस ती कधीच नुसती पाहून घेत नसे. दुकानाबाहेर, रस्त्यावरच, पाग पसरून पाहिली जाई. मग दोन बोटांत एक आस धरून आडवी ताणायची. गाठ सरकली तर जाळं नापास.

या सरकण्यालाही इतिहास आहे. पूर्वी जाळी सुताची आणि सणाची. पाण्यात कुजू नयेत म्हणून ती झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवावी लागत आणि प्रत्येक फेरीनंतर वाळवावी लागत. सुताला गाठ घट्ट धरते. डुपाँ कंपनीत वॉलेस कॅरोदर्स यांनी 1935 मध्ये नायलॉन तयार केलं. पुढे ते आपल्या कोळीवाड्यांपर्यंत पोचल्यावर कुजण्याचा प्रश्न मिटला, पण धागा गुळगुळीत, जुनी गाठ त्यावर टिकेना. विणणाऱ्यांनी गाठ दुहेरी केली. बोटांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेली हालचाल बदलणं किती अवघड असतं, हे विणकाम करणाऱ्या कुणालाही विचारा. ती दुहेरी गाठ मी भिंगाखाली पाहिली आहे. इतकी आखीव गोष्ट सोन्याच्या दागिन्यातही मी फार वेळा पाहिलेली नाही.

इथे एक गोष्ट सांगतो, ती मला नेहमी चटका लावते. उल्हासच्या काठी, शहाडला आणि मोहन्याला, रेयॉनचे मोठे कारखाने झाले. हजारो माणसांचा संसार त्या धाग्यावर उभा राहिला. तो धागा चमकदार, रेशमासारखा, पण रेयॉन भिजलं की त्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. जाळ्यासाठी ते कुचकामी. नदीकाठी तयार होणारा धागा नदीत उतरू शकत नव्हता, आणि तिथे काम करणारा कामगार सुट्टीच्या आदल्या दिवशी कल्याणच्या पेठेतून तंगूस विकत नेत असे.

तंगूसही पारखून घ्यावा लागे. नखांतून ओढून पाहायचा, कुठे खरखर लागली तर तो तुकडा टाकायचा. रिळावरून सोडल्यावर वेटोळी धरून बसतो की सैल होतो, ते बघायचं. वेटोळी धरणारा तंगूस गळ खाली जाताना गुंता करतो. गाठ बांधताना ती थुंकीनं ओली करून मगच आवळायची, नाहीतर घर्षणाच्या उष्णतेनं धागा तिथेच कमजोर होतो. हे सगळं गिऱ्हाइकाला सांगितलं जाई ते काउंटरवर माल मोजता मोजता, वेगळा वेळ काढून नव्हे.

भिंतीवर कॅलेंडर असे, आणि तेही मालाइतकंच कामाचं. तिथीला पाऊणपट करायचं, की भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमाराला, अष्टमीला सहाच्या. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढउताराची भरती. मुंबईच्या किनाऱ्यावरची ही वेळ. खाडीतून आत दुर्गाडीपर्यंत पाणी यायला आणखी वेळ लागतो, तो हिशोब कल्याणचा दुकानदार मनातच करी. पहिल्या पावसात वलगण, म्हणजे प्रवाहाविरुद्ध वर येणारे मासे, चढायची वेळ आली की त्याच्याकडे गर्दी होई ती शेतावरच्या लोकांची, आणि गळाऐवजी लहान आसाची जाळी भराभर खपत.

आपल्याकडे या विद्येला मोठी परंपरा आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोद नावाचं प्रकरण आहे. त्यात माशांचे प्रकार येतात, ते कुठल्या पाण्यातले हे येतं, त्यांना काय खायला घालावं आणि गळानं कसं धरावं हेही येतं. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकात त्याचा अभ्यास मांडला. सोमेश्वराची राजधानी कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण, आपलं कल्याण नव्हे. पण मासा कुठला ते आधी ठरवा, साधन नंतर, ही त्या प्रकरणाची रीत दोरी-सुतळीच्या दुकानातल्या खणात मला जशीच्या तशी भेटली. संस्कृत ग्रंथ आणि लाकडी खण यांना मी एकाच ज्ञानाच्या दोन प्रती मानतो, आणि दुसरी प्रत रोजच्या वापरातली म्हणून मला जास्त मोलाची वाटते.

पुढे काय झालं ते खणानंच आधी सांगितलं. वालधुनीचं पाणी रंगीत झालं, उल्हासच्या खालच्या टप्प्यात सांडपाणी वाढलं, ठाण्याच्या खाडीत गाळ साचत गेला. जिताड्याचे मोठे गळ पुडीतच गंजू लागले, कारण मागणारा उरला नाही. मग कल्हईचा कप्पा रिकामा झाला आणि त्यात रबरी बँड आले. खाडीचा एक भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022 मध्ये तिला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला, त्याचा मला आनंद आहे. पण ती ओळख पक्ष्यांची. माशांची ओळख ठेवणारी जागा बाजारात होती, ती मिटत चालली आहे. आज कुठलाही गळ घरपोच येतो, उत्तम असतो. फक्त 'काय धरायचंय' हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि त्या प्रश्नाशिवाय गळाचं दुकान अपुरं आहे, असं माझं ठाम मत आहे.

चेंदणी बंदर रोडवरच्या बांदोडकर महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या अभ्यासकांनी खाडीवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. तिथल्या आणि कल्याण-डोंबिवलीतल्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. तुमच्या बाजारात दोरी-सुतळीचं जुनं दुकान अजून उघडं असेल, तर वही आणि मोजपट्टी घेऊन जा. कुठल्या कप्प्यात कुठला गळ, कुठल्या माशासाठी, पागेची आस किती, गोळ्यांचं वजन किती, हे मालकाकडून लिहून घ्या. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा जा.