तिसरे पाऊल

डॉ. जयंत नारळीकर यांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी १९८६ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा आपल्याकडील बहुतेक कचेऱ्यांनी संगणक पाहिलेलाही नव्हता. मे २०२५ मध्ये नारळीकरांचे निधन झाले. त्यानंतर ती पुन्हा वाचताना लेखकाच्या दूरदृष्टीचे कौतुक वाटते; तसाच एक अभावही जाणवतो.

एका लुप्त, प्रगत संस्कृतीचा भूगर्भात दडलेला ज्ञानसाठा हाती लागतो. त्याच्या आधारे शास्त्रज्ञ ‘वामन’ हा बुद्धिमान यंत्रमानव घडवतात. वामनाला आपल्यासारखे आणखी यंत्रमानव निर्माण करण्याची विद्या हवी असते. ती मिळाली तर काय ओढवेल, हा कादंबरीचा गाभा. शीर्षकातील पुराणसंदर्भ केवळ अलंकार नव्हे. बटू वामनाने मागितली ती तीन पावलांपुरतीच भूमी, आणि शुक्राचार्यांनी सावध करूनही बळीने ती दिली. यंत्राच्या दुष्टपणापेक्षा माणसाची सोयीची ओढ अधिक घातक, हे नारळीकरांनी अचूक हेरले.

मात्र कादंबरीतील सारा संघर्ष मोजक्या तज्ज्ञांच्या वर्तुळात घडतो. तंत्रज्ञान ज्यांच्या जीवनात शिरते तो कारकून, तो शेतकरी, ती शिक्षिका तेथे जवळजवळ नाहीतच. प्रस्तुत लेखकाने शासकीय सेवेत जमिनीचे दप्तर संगणकावर जाताना पाहिले. खाडाखोडीला आळा बसला, नक्कल लवकर मिळू लागली. हा लाभ निर्विवाद आहे. परंतु पूर्वी चुकीची नोंद कोणी केली हे हस्ताक्षरावरून तरी कळत असे. पुढे ‘संगणकात असेच आहे’ हे वाक्यच निकाल ठरू लागले. सत्ता अशी निमूटपणे हस्तांतरित होते. ते तिसरे पाऊल कादंबरीत उमटलेले नाही.

आज पत्र, निबंध, भाषण मराठीत लिहून देणारी यंत्रणा घरोघरी पोहोचली आहे. महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांत मराठी टिकली, त्यात घरच्या पत्रव्यवहाराचा वाटा मोठा होता. नातवाने आजीला पाठवायच्या चार ओळी यंत्राकडून लिहवून घेतल्या, तर त्या कदाचित अधिक शुद्ध असतील. पण आठवलेला शब्द, अडलेले वाक्य आणि ते विचारण्यासाठी आईकडे घेतलेली धाव, हे सारे गळून जाईल. म्हणूनच ही कादंबरी आपल्या वाचनमंडळांतून तरुणांसह वाचली जावी, आणि तिने न विचारलेला प्रश्न आपण विचारावा: कोणते काम स्वतःच्या हातीच ठेवायचे?